चार पोस्टकार्डे

टायर आणि रस्ता यांची गाठ जिथे पडते, ती जागा फार लहान असते. हिशेब शाळेतलाच आहे : चाकावर येणारे वजन भागिले टायरमधल्या हवेचा दाब. दीड टनाच्या आसपास वजनाच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत पुढच्या एकेका चाकावर सव्वाचारशे-साडेचारशे किलो भार येतो. टायरमध्ये ३६ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो दाब असेल, तर टायरचा सुमारे १७० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. मागच्या चाकाखाली ही जागा ११५ च्या जवळपास भरते. टायरच्या भिंतीची ताठरता थोडा भार उचलत असल्याने हा हिशेब अंदाजाचाच, पण चित्र बरोबर आहे. टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ गुणिले ९, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटरचे. पुढे पोस्टकार्डाहून थोडे मोठे असे दोन ठसे, मागे थोडे लहान दोन. चारही एकत्र मांडले तरी ए-४ आकाराचा एक कागद त्यांना झाकून वर उरतो. इंजिनाची ताकद, ब्रेकची पकड, स्टिअरिंगचा नेमकेपणा, जे काही रस्त्यापर्यंत पोचायचे ते या चार कार्डांवरूनच.

रुंद टायर घातला की जास्त रबर जमिनीला लागते, हा एक पक्का समज आहे. वजन आणि दाब तेच राहिले तर क्षेत्रफळही जवळपास तेच राहते; बदलतो तो आकार. अरुंद टायरचे कार्ड गाडीच्या दिशेने उभे पडते, रुंद टायरचे आडवे. आडवे कार्ड वळणात चांगले धरते आणि स्टिअरिंग फिरवताच जागे होते. मात्र तेच कार्ड साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगते. परफॉर्मन्स कारसाठी नवे टायर निवडणे म्हणजे बहुतेक वेळा अशीच एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालण्याची बेरीज-वजाबाकी असते. कोणता खिसा रिकामा राहिला तर चालेल, एवढेच मालकाच्या हातात उरते.

उदाहरणाला एक गाडी समोर ठेवलेली बरी. फेब्रुवारी २०२० मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस २४५ भारतासाठी आणली. एकूण दोनशे गाड्या. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २४५ अश्वशक्ती, ३७० न्यूटन-मीटर टॉर्क आणि हे सगळे फक्त पुढच्या दोन चाकांकडे जाणारे. बाहेरून चारचौघांसारखी सेडान, डिकीत लग्नघरचे सामान मावेल एवढी जागा. उदाहरण म्हणून ती चांगली, कारण ती शर्यतीची गाडी नाही. आठवडाभर कचेरी, रविवारी पहाटे घाट, गणपतीत कोकण, अशी सगळी कामे तिला एकाच टायरवर करायची असतात. टायरचे माप २२५/४० आर १८.

टायर कधी बदलायचा, या प्रश्नाला कायद्याचे उत्तर आहे आणि शहाणपणाचेही, पण दोन्ही एक नाहीत. टायरच्या मुख्य खोबणीत तळाशी रबराचा लहानसा उंचवटा असतो. झीज त्याच्या पातळीला आली की नक्षीची खोली १.६ मिलिमीटर उरली असे समजायचे. ही शेवटची मर्यादा. नव्या टायरची खोली सात-आठ मिलिमीटर असते, आणि ओल्या रस्त्यावरची पकड ३ मिलिमीटरच्या खाली झपाट्याने घसरते. म्हणून वेगाची गाडी चालवणारा जाणता माणूस पावसाळ्याच्या तोंडावर खोली मोजतो आणि साडेतीन-चारलाच बदलाचा विचार सुरू करतो. पंक्चरवाल्याच्या भाषेत टायर ‘गोटा’ होईपर्यंत थांबण्याची चैन हळू गाडीलाही परवडत नाही. कोरड्या रस्त्यावर मात्र झिजलेला टायर उलट घट्ट धरल्यासारखा वाटतो, कारण नक्षीचे ठोकळे उथळ झाल्याने कमी वाकतात. या खोट्या दिलाशाने अनेक जण जूनपर्यंत गाफील राहतात.

दुसरे कारण वय. टायरच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात : २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही म्हातारे होते. उष्णता, ऊन आणि हवेतला ओझोन त्यातली लवचीकता काढून घेतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनी कसाही दिसत असला तरी निरोप, असा काही कंपन्यांचा सल्ला आहे. वेगाच्या गाडीने दहाची वाट पाहू नये. अशा गाड्या बहुधा जपून, कमी चालवल्या जातात. नक्षी भरपूर शिल्लक आणि रबर मात्र दगड, अशी स्थिती त्यांच्यातच जास्त दिसते. तिसरे कारण अपघाती. खड्ड्यात चाक आदळून भिंतीतले धागे तुटले की तिथे फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, त्याबद्दल घासाघीस नको.

आता माप. २२५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या चाळीस टक्के, ९० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. मिशलँने १९४६ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना, आतले धागे तिरपे न घेता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ नेणारी. १८ हा रिमचा व्यास इंचांत. सगळे मिळून टायरची उंची ६३७ मिलिमीटर आणि परीघ दोन मीटर. म्हणजे दर किलोमीटरला पाचशे फेऱ्या. स्पीडोमीटर, एबीएस, गिअरबॉक्स यांचे सारे गणित या फेऱ्यांवर बेतलेले असते, म्हणून पर्यायी मापाने हा परीघ फारसा हलवू नये. २३५/४० आर १८ घेतला तर उंची सव्वा टक्क्याने वाढते, ते खपते. २४५/४० ने अडीच टक्के वाढते. मग वळणात किंवा भरल्या गाडीत टायर आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता येते, शिवाय मूळ रिमवर तो नीट ताणून बसत नाही. नुसता भरलेला दिसावा म्हणून घेतलेला टायर गाडीला जड होतो. नाकापेक्षा मोती जड, तसे.

उलट दिशेचा पर्याय कमी लोक विचारात घेतात. सतरा इंची रिम आणि २२५/४५ टायर घेतला तर एकूण उंची अर्ध्या टक्क्याहूनही कमी बदलते, पण भिंत ९० वरून १०१ मिलिमीटरची होते. अकरा मिलिमीटर म्हणजे बोटाची जाडीसुद्धा नाही. तरी खड्ड्याच्या काठावर अलॉय वाचणार की वाकणार, हे तेवढ्या अंतरावर ठरू शकते. टायरही स्वस्त पडतो. वळणात भिंत किंचित जास्त वाकते आणि स्टिअरिंगचा पहिला प्रतिसाद सैल होतो, हे खरे. ब्रेकची डिस्क त्या रिमच्या आत मावते का, हे मात्र आधी पाहावे लागते. दिखाऊपणाचा मोह बाजूला ठेवला तर महाराष्ट्रातल्या रस्त्यांसाठी हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

बसक्या भिंतीच्या टायरची ही आवड आली ती रॅलीच्या गाड्यांतून. १९७० च्या दशकात लान्चिया स्ट्रॅटोसची ताकद जुन्या टायरना झेपेना, तेव्हा पिरेलीने पी ७ घडवला : भिंत बुटकी आणि पोलादी पट्ट्यांवर परिघाच्या दिशेने गुंडाळलेला नायलॉनचा पट्टा. जोरात फिरताना टायर बाहेर फुगू पाहतो. हा नायलॉन त्याला आवळून धरतो. पुढे पोर्शच्या ९११ टर्बोखाली तो आला आणि जाड मागच्या चाकांची गाडी म्हणजे वेगाची गाडी, हे समीकरण भिंतीवरच्या पोस्टरांतून पोरासोरांच्या मनात बसले.

मापानंतर येतात भार आणि वेग. ९२ हा भारांक म्हणजे एका टायरने ६३० किलो पेलावेत. २२५/४० आर १८ याच मापात ८८ भारांकाचा, ५६० किलोचा टायरही मिळतो. मूळ टायर ९२ चा असेल तर ८८ चा घेऊन पैसे वाचवू नयेत. त्यापुढचे अक्षर वेगाचे : एच म्हणजे ताशी २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३०० किलोमीटर. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मर्यादा, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला १०० ची. मग ३०० चा टायर कशाला, ही शंका रास्त वाटते. पण हे अक्षर म्हणजे नुसते दाखवायचे दात नव्हेत. त्या अक्षरासाठी टायरच्या आतले पट्टे, धागे आणि रबर उष्णता सहन करतील असे बांधावे लागतात. मे महिन्यात विदर्भाच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर, चार माणसे आणि सामान घेऊन, तासन्‌तास एका वेगाने जाणाऱ्या टायरला ती बांधणी उपयोगी पडते. समृद्धीवर टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा परिवहन विभागाने २०२३ मध्ये प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली. तिथे दोष वेगाच्या अक्षराचा नसतो. झिजलेल्या नक्षीचा आणि कमी हवेचा असतो. हवा कमी असली की भिंत दर फेरीला जास्त वाकते, आणि ताशी १२० ला टायर सेकंदाला सुमारे सतरा फेऱ्या घेत असतो. तार वाकवून वाकवून तोडताना बोटाला चटका बसतो, तेच इथे घडते.

या सगळ्या आकड्यांत एक गोष्ट कुठेच लिहिलेली नसते, आणि परफॉर्मन्स टायरची खरी किंमत तिचीच असते : रबर. रबर रस्त्याला दोन तऱ्हांनी धरते. एक म्हणजे चिकटून. रबराचे आणि खडीचे कण इतके जवळ येतात की त्यांच्यात ओढ निर्माण होते. दुसरी तऱ्हा जास्त मजेची. डांबरातल्या खडीचे बारीक टोक रबरात रुतते. टोक पुढे सरकले की रबराने लगेच मूळ आकारात यायला हवे, पण ते यायला थोडा उशीर करते. हा आळस म्हणजेच पकड. पाऊस पडला की मधल्या पाण्याच्या पातळ थरामुळे पहिली तऱ्हा जवळजवळ बाद होते आणि सारी भिस्त या आळसावर राहते. आळशी रबर मात्र फिरतानाही आळस करते. दर फेरीत वाकून परत सरळ होताना ऊर्जा खाते, तापते, पेट्रोल जाळते आणि बहुधा लवकर झिजते. पकड, आयुष्य आणि पेट्रोल ही तिघे एका घरात सुखाने नांदत नाहीत.

यातून वाट काढली ती सिलिकाने. चाक सेकंदाला पंधरा-वीस वेळा फिरते, पण खडीच्या टोकांवरून सरकताना रबराला सेकंदाला हजारो धक्के बसतात. सावकाश वाकताना चपळ आणि झपाट्याने वाकताना आळशी असे रबर करता आले तर दोन्ही साधते. काजळीच्या जोडीला, बऱ्याच ठिकाणी काजळीऐवजी, सिलिका वापरून ते बरेचसे जमले. १९९२ मध्ये मिशलँने या मार्गाने टायर बाजारात आणले. आज चांगल्या परफॉर्मन्स टायरची ओल्या रस्त्यावरची पकड पाहून जुना ड्रायव्हर चकित होतो, त्यामागे हे बरेच आहे. साधा प्रवासी टायर आणि उत्तम परफॉर्मन्स टायर यांच्यातला फरक कोरड्या रस्त्यावर वळणात जाणवतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना तो मीटरांत मोजता येतो. किंमत दीड-दोन पट असली तर ती मुख्यतः त्या मीटरांची असते.

थंडीचा प्रश्न इथे नाही. उन्हाळी रबर ७ अंशांच्या खाली ताठरते म्हणून युरोपात हिवाळी टायर लावतात. पुण्याच्या जानेवारीतल्या काही पहाटा सोडल्या तर महाराष्ट्रात ती पाळी येत नाही, आणि त्या पहाटेलाही टायर दहा मिनिटांत कोमट होतो. बारमाही म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरमध्ये बर्फासाठी ठेवलेली सोय घेऊन इथे उपयोग नाही. इथला दुसरा ऋतू पावसाचा.

आणि पाऊस म्हणजे आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या वर पडणारा. २२५ मिलिमीटर रुंदीचा टायर ताशी ८० ने, तीन मिलिमीटर साचलेल्या पाण्यातून गेला, तर त्याच्या वाटेत दर सेकंदाला पंधरा लिटर पाणी येते. एक भरलेली बादली, दर सेकंदाला, एका चाकासमोर. त्यातले जे बाजूला हटते ते हटते, उरलेले खोबणीतून मागे निघायला हवे. नाही निघाले तर टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग हातात हलके होते. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सूत्र काढले : हवेच्या दाबाचे वर्गमूळ गुणिले नऊ, उत्तर नॉटमध्ये. ३६ पीएसआयला ५४ नॉट येतात, म्हणजे ताशी १००. मोटारीचा टायर रुंद असतो आणि त्याला नक्षी असते, त्यामुळे हे उत्तर जसेच्या तसे लागू होत नाही. तरी त्यातून दोन गोष्टी कळतात. एक, हवा कमी असली की गाडी कमी वेगालाच तरंगते. दोन, गुळगुळीत रुंद टायर आणि द्रुतगती मार्गाचा वेग यांची जुलैत गाठ पडू नये.

नक्षीच्या जाती तीन. दोन्ही बाजूंना सारखी नक्षी असलेला टायर साधा. बाणाच्या टोकासारखी नक्षी असलेला दिशादर्शक टायर पाणी छान फेकतो, पण तो एकाच दिशेने फिरवायचा असतो. डावा-उजवा करता येत नाही. तिसरा असममित : आतल्या बाजूला पाणी काढणाऱ्या खोल खोबण्या, बाहेरच्या बाजूला वळणाचा भार पेलणारे मोठे ठोकळे. आजचे बहुतेक चांगले परफॉर्मन्स टायर या तिसऱ्या जातीचे. भिंतीवर ‘बाहेरची बाजू’ असे इंग्रजीत छापलेले असूनही टायर उलटा बसवला जातो, हे बसवणाऱ्याच्या पाठीशी उभे राहूनच टाळता येते.

सर्किटवर चालणारे अर्धगुळगुळीत टायर हा वेगळाच मोह. खोबण्या मोजक्या, रबर मऊ, तापले की गोंदासारखे. कोरड्या दिवशी, गरम झाल्यावर, त्यांच्याशी बरोबरी करणारे रस्त्यावरचे टायर नाहीत. पण मुसळधार पावसात घाट उतरताना असा टायर म्हणजे नवी कोल्हापुरी घालून शेताच्या बांधावरून चालणे. चप्पल उत्तम असते, दिवस चुकलेला असतो.

टायरची जात ओळखायला अमेरिकी नियमाप्रमाणे छापलेला झिजेचा आकडा उपयोगी पडतो. टेक्सासमधल्या सॅन अँजेलो गावाभोवतीच्या ठरावीक रस्त्यावर टायर सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर पळवतात आणि १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी तुलना करतात. आकडा जितका लहान तितके रबर मऊ, असा ढोबळ अर्थ. सर्किटकडे झुकणारे टायर २०० किंवा त्याखाली, उत्तम रस्ता-टायर ३०० च्या आसपास, आरामाचे त्याहून पुढे. पण आकडा शेवटी कंपनी स्वतः लावते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एका तागडीत घालता येत नाहीत. अमेरिकेतल्या हौशी स्पर्धांच्या नियमात २०० हा किमान आकडा ठरला, तेव्हा अतिशय चिकट टायरही बरोबर २०० चा शिक्का घेऊन येऊ लागले. परीक्षेला पस्तीस गुण पुरतात हे कळल्यावर वर्गात जे होते, तेच. ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी युरोपातली ए ते ई अशी श्रेणी जास्त कामाची. भारतानेही ओली पकड, घरंगळण्याचा विरोध आणि आवाज यांच्या किमान पातळ्या १ ऑक्टोबर २०२२ पासून नव्या घडणीच्या टायरना लागू केल्या. त्या मात्र किमान आहेत, निवडीसाठी पुरेशा नाहीत.

महागड्या गाड्यांच्या टायरवर आणखी एक खूण असते. पोर्शसाठी एन आणि पुढे आकडा, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ, आउडीसाठी एओ. नाव तेच असले तरी हा टायर त्या गाडीच्या वजनाला आणि सस्पेन्शनला जुळवून थोडा वेगळा घडवलेला असतो. पोर्शसारख्या गाडीत, जिथे पुढची-मागची मापे वेगळी असतात, ही खूण पाळावी आणि चारही टायरवर एकच ठेवावी. ऑक्टाव्हियासारख्या गाडीत खुणेसाठी दोन महिने थांबून जुन्या टायरवर पावसात फिरण्यापेक्षा, त्याच मापाचा, भारांकाचा आणि दर्जाचा बिनखुणेचा ताजा टायर केव्हाही बरा.

बीएमडब्ल्यूने रन-फ्लॅट टायर मोठ्या प्रमाणावर रुळवले : भिंत इतकी जाड की हवा गेली तरी ताशी ८० ने साधारण ८० किलोमीटर जाता यावे. आडरानात, रात्री, कुटुंब बरोबर असताना ही सोय मोलाची. रोजच्या खड्ड्यांत मात्र तीच जाड भिंत प्रत्येक धक्का मणक्यापर्यंत पोचवते. म्हणून अनेक मालक दुसऱ्या वेळी साधे टायर घेतात आणि डिकीत स्टेपनीची जागाच नाही, हे मग लक्षात येते. भारतात सुटे चाक ज्या नावाने ओळखले जाते ती ‘स्टेपनी’ वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे सुटी चाके बनत. गाव विसरले गेले, कंपनी गेली, शब्द मात्र प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी राहिला. २०२० च्या नियमबदलाने हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या ट्यूबलेस गाड्यांना ती बाळगण्याची सक्ती उरली नाही.

पंक्चरचेही तंत्र आहे. बाहेरून टोचून घातलेली चिकट पट्टी घरी पोचण्यापुरती. वेगाच्या टायरला रिमवरून उतरवून आतून मशरूमच्या आकाराचा तुकडा बसवावा लागतो, तोही फक्त मधल्या भागात. खांद्यावर किंवा भिंतीवर छिद्र असेल तर टायर बाद.

आता बाजार. १२ जून २०२० पासून मोटारींचे नवे टायर परवान्याशिवाय आयात करता येत नाहीत, आणि आयएसआय चिन्ह नसलेला टायर विकता येत नाही. परिणाम असा की जगभरच्या चाचण्यांत पहिला आलेला टायर नेमक्या मापात इथे मिळेलच असे नाही. मिळाला तर त्याचे वय बघावे लागते. सर्वोत्तम पण अडीच वर्षे गोदामात पडलेला, की दुसऱ्या क्रमांकाचा पण चार महिन्यांपूर्वीचा? दुसरा घ्यावा. दुकानदाराने फोनवर टायरचे नाव आणि भाव सांगितला तर आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी : चार आकडे कोणते? चारही टायरचे. अठरा इंची लोकप्रिय मापे सहज मिळतात. एकोणीस-वीस इंचांच्या विचित्र मापांच्या मालकाला मात्र जुने टायर अर्धे झिजले की चौकशी सुरू करावी लागते.

दोनच टायर बदलायचे तर नवे कुठे लावायचे? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचेच आधी झिजतात, म्हणून नवे पुढे लावावेत असे वाटते. उत्तर उलटे आहे. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते. पाय काढला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ओल्या घाटात ते सावरण्याएवढा रस्ता नसतो. म्हणून जास्त नक्षीचे टायर मागे. एका आसावर दोन वेगळ्या जातींचे टायर तर कधीच नकोत. शक्य असेल तर चारही एकदम बदलावेत. चार पोस्टकार्डांवर चार वेगळी हस्ताक्षरे असली की इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही गोंधळते.

टायर बसवताना पिवळा ठिपका हवेच्या व्हॉल्व्हशेजारी आणावा. ती टायरची हलकी बाजू. बॅलन्सिंग लगेच, आणि अलाइनमेंटही त्याच दिवशी, कारण जुना टायर एका कडेने खाल्लेला असेल तर नवाही तसाच खाल्ला जाईल. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायची गरज नाही. फुकट मिळणाऱ्या हवेत तो ७८ टक्के असतोच. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून, विशेषतः पावसात.

हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी. तापमान सुमारे सहा अंशांनी वाढले की दाब एक पीएसआयने चढतो; तासभर महामार्गावर चालून आलेल्या टायरमध्ये चार पीएसआय जास्त दिसतात. ते पाहून पंपावरचा मुलगा हवा काढतो आणि थंड झाल्यावर टायर तेवढाच रिकामा राहतो. दाबाचा तक्ता बहुतेक गाड्यांत दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो, भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे देऊन. पंपोपंपीचे गेज वेगवेगळे बोलतात. स्वतःचा एक गेज समोरच्या कप्प्यात असला की दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटांत काम होते, स्टेपनी असेल तर तिच्यासकट.